भाच्याचं कासव घरी आणलंय. आठ वर्षं टबात होतं. आता पुढे काय?

फ्यूजमामा · ३ मे, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी इथे नवीन. पेशाने वायरमन, म्हणजे होतो. बत्तीस वर्षं घरोघरी वायरिंग केलं, आता गुडघ्यांनी शिडी बंद केली. जनावरांतलं मला काही कळत नाही. चुकत असेल तिथे सरळ सांगा, राग मानणारा माणूस नाही मी.

भाच्याला दहाव्या वाढदिवसाला कुणीतरी कासवाचं पिल्लू भेट दिलं होतं. तेव्हा बिस्किटाएवढं होतं, डोळ्यामागे लाल पट्टा. त्याने नाव ठेवलं पैलवान. भाचा आता अठराचा झाला, शिकायला बाहेरगावी गेला आणि पैलवान ताईच्या गळ्यात पडला. परवा तिच्याकडे गीझर बघायला गेलो होतो. बाथरूमच्या कोपऱ्यात, बादल्यांच्या मागे हा टब. आठ वर्षं त्या घरी जातोय, पण त्या टबात वाकून कधी बघितलं नव्हतं. गीझरसाठी खाली बसावं लागलं म्हणून बघितलं.

टेप खिशात असतोच. टब ६० सेंमी बाय ४०. कासव १७ सेंमी. पाणी चार बोटं. मधे एक वीट, त्यावर चढून बसतो. खिडकी नाही, डोक्यावर एलईडी बल्ब. डावा डोळा सुजून पूर्ण मिटलेला, उजवा अर्धा. पाठीच्या कडा वरच्या बाजूला वळल्यात, पापुद्रे सुटल्यासारखे दिसतात पण निघत नाहीत. पोटाखालची ढाल विटेवर घासून गुलाबी पडलीय. नखं ही लांब. खायला आठ वर्षं डब्यातल्या सुक्या कोळंब्या, दुसरं काही नाही. गेले दहा-बारा दिवस त्याही नीट खात नाही आणि रात्रभर मागच्या पायांनी टब खरवडतो. ताई म्हणाली, "झोपू देत नाही मेलं."

मी म्हटलं, नेऊ का? तर लगेच म्हणाली, "ने बाबा." मी टब उचलून जिन्यापर्यंत आलो, तेवढ्यात मागून कोळंब्यांचा डबा घेऊन धावत आली. "त्याला सकाळी सातला लागतं हं." म्हणजे असं बघा, तिने हेळसांड मुद्दाम केलेली नाही. एक दिवस उपाशी ठेवला नाही, दर रविवारी पाणी बदललं. आणि तरी त्याची ही अवस्था.

सध्या माझ्याकडे कपड्यांच्या मोठ्या टबात आहे. बेत असा आहे की उद्याच काचेची मोठी टाकी आणायची, काठोकाठ भरायची, खाली रंगीत खडे, वर शंभर वॉटचा बल्ब, आणि खिडकीच्या आत ठेवायची म्हणजे काचेतून ऊनही मिळेल. यात काय चुकतंय?

कवचकुंडल · ४ मे, सकाळी ७.०५

मामा, स्वागत. बेतातलं जवळजवळ सगळंच चुकतंय. पण टेप काढून टब मोजणाऱ्या माणसाला समजावणं सोपं जातं, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही अशीच कुणाकुणाच्या बाथरूममधून आलेली.

लाल पट्टा म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. पाण्यातलं कासव आहे, नीट ठेवलं तर तीस वर्षं सहज जगतं. (दुसऱ्या कुणी हा धागा वाचत असेल तर आधी जात पक्की करा. आपल्या भागातलं रानटी कासव घरात ठेवणं बऱ्याच ठिकाणी गुन्हा असतो.)

उद्या टाकी नको, उद्या डॉक्टर. त्यातही सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधा, सगळेच बघत नाहीत. दोन्ही डोळे असे सुजतात तेव्हा बहुतेक वेळा जीवनसत्त्व अ कमी पडलेलं असतं. सुक्या कोळंबीत ते जवळपास नसतंच. डोळ्याजवळच्या ग्रंथी जाड होतात, पापणी फुगते, कासवाला दिसेनासं होतं. आणि कासव बघून खातं. म्हणजे "खात नाही" असं तुम्हाला वाटतं तेव्हा त्याला खाणं दिसतच नसतं. बाजारात थेंब मिळतात ते स्वतःच्या मनाने घालू नका. आणि कुणी घाईघाईने मोठं इंजेक्शन ठोकत असेल तर वजनावर मोजून द्या म्हणून सांगा. हे जीवनसत्त्व जास्त झालं की कासवाची कातडी सोलून निघते. माझ्या पहिल्या कासवाचं तसं झालं होतं, ते आठवलं की अजून पोटात ढवळतं.

पाणी. चार बोटं पाण्यात मोठी भीती अशी की कासव विटेवरून उताणं पडलं तर त्याला पालथं होता येत नाही आणि तेवढ्याशा पाण्यातही नाक बुडून मरतं. त्याला वळायला खोली लागते, निदान कवचाच्या रुंदीएवढी. पण पैलवान आठ वर्षांत एकदाही पोहलेला नाही. त्याचे पाय फक्त खरवडायला शिकलेत. काठोकाठ भरलेल्या टाकीत टाकलात तर दमेल आणि घाबरेल. सुरुवातीला कवचाच्या दीडपट खोली ठेवा, जागोजागी टेकायला काहीतरी द्या, मग दर आठवड्याला चार-पाच सेंमी वाढवा. पंधरा दिवसांत तुम्हीच बघाल, मधेच थांबून पाण्यात नुसतं तरंगत राहील. आमच्याकडे त्याला "हवापाणी खाणं" म्हणतात.

टाकीचा ढोबळ हिशोब: कवचाच्या दर अडीच सेंमीला ४० लीटर. तुमच्या १७ सेंमीला साधारण २७० लीटर. काचच हवी असं काही नाही, जाड प्लास्टिकचं पसरट टाकं उलट बरं. काचेत त्याला पलीकडचं दिसतं आणि ते दिवसभर काचेला धडका देत बसतं.

खडे अजिबात नको. गिळतो आणि आतडी बंद पडतात. तळ मोकळा ठेवा, नाहीतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे.

उजेडाचं तुम्हाला मी काय सांगणार, पण इथे वायरमनलाच फसायला होतं. कासवाला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक ऊब, ती तुमचा बल्ब देईल. बसायच्या जागेवर ३२ ते ३५ अंश हवेत, पाणी २४ ते २६. दुसरं म्हणजे यूव्हीबी, उन्हात असतात ते अतिनील किरण, तेही रोज दहा-बारा तास. त्याशिवाय कातडीत जीवनसत्त्व ड३ तयार होत नाही आणि ड३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही. कवच म्हणजे हाडच, बरगड्या आणि मणके पसरून झालेलं. म्हणून कडा वळल्यात. साधा बल्ब, एलईडी, यांतून यूव्हीबी मिळत नाही. आणि खिडकीची काच ते किरण अडवते. काचेतून आलेलं ऊन त्याच्या कामाचं नाही, उलट बंद काचेच्या टाकीत पाणी तापून शिजेल. सरपटणाऱ्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब येते, तीच घ्या. पाकिटावर लिहिलेलं अंतर पाळा, बहुतेक ३० सेंमीच्या आसपास असतं.

पापुद्रे ओढून काढू नका, ब्रशने घासू नका. वीट मात्र आत्ताच काढा.

निवांतनाथ · ४ मे, सकाळी ९.४०

एवढा खटाटोप कशाला? जवळच्या तळ्यात सोडून द्या. निसर्गात जगेल, तुम्हीही मोकळे.

शेवाळ · ४ मे, सकाळी १०.१५

नाथा, हा सल्ला दर महिन्याला कुणीतरी देतंच, म्हणून एकदाच लिहिते. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. अशीच "मोकळी" केलेली कासवं जगभरच्या तळ्यांत पसरली आणि आता जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत हिचं नाव आहे. युरोपियन युनियनने १९९७ साली आयात बंद केली ती त्यामुळेच. तळ्याकाठचे उन्हाचे ओंडके मोजके असतात. ते ही धटिंगणं बळकावतात आणि तिथलं मूळचं कासव सावलीत ढकललं जातं. शिवाय आजार सोबत नेतात ते वेगळंच.

आणि पैलवानाचं काय होणार? ज्याला दिसत नाही, पोहता येत नाही, ज्याची ढाल नरम आहे, तो तळ्यात किती दिवस मोकळा राहणार?

फ्यूजमामा · ४ मे, दुपारी १.३०

तळ्याचं माझ्याही मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. ताईकडून येताना वाटेत तळं लागतं. तिथे पाच मिनिटं गाडी उभी केली होती. हे वाचून बरं वाटलं की गुडघा दुखत होता म्हणून उतरलो नाही.

कवचकुंडल, वीट काढली. त्या जागी घरातली कुंडी आडवी ठेवलीय, वर फरशीचा गुळगुळीत तुकडा. काचेतून यूव्हीबी येत नाही हे मला माहीत नव्हतं, बत्तीस वर्षांत गरजच पडली नाही. उजेड म्हणजे उजेड असंच धरून चालायचो. डॉक्टर मिळाला, मंगळवारची वेळ दिलीय.

खरवडणं मात्र इथेही चालूच. रात्री दोन वाजता उठून बघितलं, फक्त मागचे पाय, एक झालं की दुसरा, घड्याळाच्या लंबकासारखं. पुढचे पाय एका जागी रोवलेले.

धारदार · ४ मे, दुपारी ४.०२

कासव, ससा, चिमणी, जे दिसेल ते मुलांच्या वाढदिवसाला देणाऱ्यांना शिक्षा व्हायला हवी. ज्या शहाण्याने ते बिस्किटाएवढं पिल्लू भेट दिलं त्याला आठ दिवस चार बोटं पाण्याच्या टबात बसवा. विटेसकट.

एक्सरे_ताई · ४ मे, रात्री ८.५०

मामा, मी प्राण्यांच्या दवाखान्यात सहायक आहे. डॉक्टर नाही, पण रोज कासवं हाताळते. एक विचारते. तो "तो" आहे हे कुणी ठरवलं? नखांवरून? नराची पुढची नखं लांब असतात हे खरं, मादीसमोर पाण्यात ती थरथरवून तो तिला रिझवतो. पण गुळगुळीत प्लास्टिकवर नखं झिजत नाहीत, सगळ्यांचीच वाढतात. शेपटी बघा. उचलताना दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे कवचाच्या कडेला धरा, शेपटीला धरून उचलू नका. नराची शेपटी लांब आणि बुडाशी जाड, आणि तिच्यावरचं भोक कवचाच्या कडेच्या बाहेर जातं. मादीची आखूड, भोक कवचाच्या आतच.

दुसरं, नर सहसा एवढा भारी होत नाही. १७ सेंमी आणि आठ वर्षं म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसराच विचार आला. फक्त मागचे पाय, रात्री, खाणं सुटलेलं. हे खरवडणं नाही. हे खणणं आहे.

फ्यूजमामा · ४ मे, रात्री ९.३५

टॉर्च घेऊन बघितलं. शेपटी आखूड. भोक आत.

म्हणजे आठ वर्षं आम्ही एका बाईला पैलवान म्हणतोय?

एक्सरे_ताई · ४ मे, रात्री ९.४८

म्हणताय खरं. आणि तिला बहुतेक अंडी घालायची आहेत.

नर असायला लागत नाही, कोंबडीसारखंच. पण कासवीण अंडी पाण्यात घालायला तयार नसते, तिला माती लागते. खणायला जागा मिळाली नाही की ती अंडी धरून ठेवते, आणि फार धरली तर ती आतच अडकतात. त्यात ती मरूही शकते. अंड्यांच्या टरफलासाठी लागणारं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडातून काढते. आधीच उजेड नाही, त्यात हे. मंगळवारी जाल तेव्हा एक्सरे काढाच म्हणावं. टरफल झालेली अंडी त्यात स्पष्ट दिसतात.

तोवर एक खोका करा. ओलसर वाळू आणि माती अर्धी-अर्धी, खोली २० सेंमी तरी हवी, आणि मुठीत दाबली तर आकार राहील इतपतच ओल. कोपऱ्यात ठेवा, वर थोडी ऊब, आणि तिच्याकडे बघत बसू नका. बघणारं कुणी असलं की अर्धवट सोडून देतात.

फ्यूजमामा · ७ मे, संध्याकाळी ६.१०

डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक्सरेत सहा अंडी. पडद्यावर दाखवली, झिरोच्या बल्बसारखी ओळीने. मला वाटलं मोठा घोळ होणार, पण डॉक्टर म्हणाले की आकार नीट आहेत, वाट मोकळी आहे, आधी जागा देऊन बघू, इंजेक्शनने काढायचा पर्याय नंतर. वजन ८४० ग्रॅम. डोळ्यांचं निदान कवचकुंडल म्हणाले तेच. औषध वजनावर मोजून दिलं, मी विचारायच्या आधीच. कॅल्शियम चालू केलं. कवच नरम आहे पण कुजलेलं नाही, हे नशीब. जाताना म्हणाले, हात धुवा, प्रत्येक वेळी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असतो, त्याला स्वतःला काही होत नाही, माणसाला होतं. अमेरिकेत तर याच कारणाने १९७५ साली दहा सेंमीपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी घातली, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची. आमचा भाचा पण घालायचा. कुणालाच काही माहीत नव्हतं.

खोका केला. खोलीचं दार लोटून घेतो आणि बाहेर बसतो.

आता एक राहिलेलं. धारदार यांनी लिहिलंय त्या शहाण्याला टबात बसवा म्हणून. पहिल्या पोस्टमध्ये मी "कुणीतरी भेट दिलं" असं लिहिलं. ते कुणीतरी म्हणजे मी. घाईत होतो, भेट घ्यायला विसरलो होतो, रस्त्यात दिसलं, छोट्या डबीसकट घेतलं. विकणाऱ्याने सांगितलं की हे एवढंच राहतं. मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं. ताईला सांगितलं, "काही करावं लागत नाही याला." तिने माझं ऐकलं, एवढीच तिची चूक.

धारदार · ७ मे, संध्याकाळी ७.२२

मामा, माझे शब्द मागे. विटेचा भाग तरी नक्की मागे.

कवचकुंडल · ७ मे, रात्री १०.००

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी कुणाकडून तरी ऐकलंय. "हे एवढंच राहतं." टबात ठेवलं म्हणून ते एवढंच राहत नाही हो, टबातही ते वाढतच जातं, फक्त वाकडं वाढतं.

पुढचं सांगतो, अंडी निघाली की लागेल. डोळे उघडले की खाणं बदला. मोठ्या कासवाचं निम्म्याहून जास्त खाणं हिरवं असायला हवं. लेट्यूसची गडद पानं, गाजराचा कीस, जलपर्णीची पानं, डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती). पालक रोज नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. कासवाच्या खाण्याच्या तयार गोळ्या दोन-तीन दिवसांनी एकदा, तिच्या डोक्यात मावतील एवढ्याच, घशापर्यंतचं माप धरून नव्हे. समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं हाड, कॅल्शियमसाठी तरंगता ठेवा, पाठीचा कडक पत्रा काढून. पहिले काही दिवस ती हिरव्याकडे ढुंकून बघणार नाही आणि तुमच्याकडे असं बघेल की तुम्हाला कोळंब्यांचा डबा आठवेल. हलायचं नाही. भरलेलं, धडधाकट कासव चार दिवस रुसून मरत नाही. पण आजारी असताना मात्र हा हट्ट करू नका, तेव्हा जे खाईल ते.

फिल्टर टाकीच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या, कासव माशांपेक्षा फार घाण करतं. आणि त्याचा स्पंज नळाखाली धुवू नका. त्यात जे जिवाणू वाढतात तेच घाणीतला विषारी अमोनिया पचवतात, क्लोरीनने मरतात. टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. ते जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर पाणी जास्त वेळा बदला.

गढूळ_पाणी · ८ मे, दुपारी १२.१८

मधेच घुसतोय. आमच्याकडे कासव आहे, पाण्यात हीटर आहे, फिल्टर आहे, वर दिवा आहे. परवा पाण्यात हात घातला तर मुंग्या आल्यासारखं झालं. हे नॉर्मल आहे का? मामा वायरमन आहेत म्हणून विचारतो.

फ्यूजमामा · ८ मे, दुपारी १२.३१

नाही!! आत्ता सगळे प्लग काढा, मग पुढचं वाचा.

काढले? हीटरची काच बघा. तडा असणार. कासव काचेच्या हीटरवर आपटतं, हे मी दोन दिवसांत इथेच वाचलंय. जाळीच्या पिंजऱ्यातला किंवा धातूचा घ्या. दुसरं, टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडते ती) लावून घ्या, साधी एमसीबी नव्हे. एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवत नाही. तिसरं, प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशी सोडा. पाणी वायरीवरून ओघळत येतं. झोळ असला की थेंब तिथून खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. बोर्ड टाकीच्या खाली नको, बाजूला आणि वर. दिव्याला नुसता चिमटा लावून भागत नाही, साखळीने बांधा, एक दिवस पडतोच. आणि आजपासून पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचे, कितीही घाई असली तरी.

गढूळ_पाणी · ८ मे, दुपारी १.०५

तडा होता. नखाएवढा. तुमचे उपकार.

फ्यूजमामा · १६ मे, सकाळी ६.१५

रात्री खोक्यात पाच. सकाळी खोक्यातली वाळू अशी थापटून सपाट केलेली की मला वाटलं काही झालंच नाही. बोटाने उकरलं तेव्हा दिसली, पांढरी, लांबट. सहावं पाण्यात फुटलेलं सापडलं. अकरा दिवस लागले खोका ठेवल्यापासून. ती कुंडीखाली जाऊन झोपलीय, मान बाहेर टाकून, मेल्यासारखी. मी दोनदा नाकाशी बोट नेलं.

पाच अंड्यांचं काय करू?

एक्सरे_ताई · १६ मे, सकाळी ८.४०

अभिनंदन! टाकून द्या. नराशी भेट झालेली मादी काही वर्षांनंतरही फळलेली अंडी घालू शकते, पण तुमची बिस्किटाएवढी असल्यापासून एकटी आहे, त्यांतून काही निघणार नाही. एकदा परत एक्सरे काढून आत काही राहिलं नाही ना बघा. खोका मोडू नका, पुढच्या वर्षी नव्हे, कदाचित महिनाभरातच पुन्हा लागेल.

निवांतनाथ · १६ मे, सकाळी ९.०२

माझा सल्ला वाईट होता हे मान्य. नाव काय ठेवणार आता?

फ्यूजमामा · २८ जून, रात्री १०.४५

उशीर झाला, टाकी करण्यात गुंतलो होतो.

एक्सरे कोरा आला. दोन्ही डोळे उघडे आहेत. डाव्याची पापणी जरा जाड राहिलीय, डॉक्टर म्हणाले राहील थोडी. जुनं ३०० लीटरचं पसरट काळं टाकं मिळालं, तळमजल्यावर भिंतीला लावून ठेवलंय. भरल्यावर तीनशे किलोच्या वर जातं, वरच्या मजल्यावर हिंमत झाली नाही. बसायचा कट्टा घरच्याच सामानात झाला. वायरिंगचे उरलेले पीव्हीसी पाइप होते त्यांची चौकट, वर ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली असते ती प्लास्टिकची चौकटी जाळी, त्यावर फरशी. चढायला तिरकी फळी. पहिल्या दिवशी फळीला नाक लावून परत फिरली. पाचव्या दिवशी चढली आणि दिव्याखाली मागचे दोन्ही पाय सरळ मागे ताणून, बोटं फाकवून पडून राहिली. मी चहा प्यायला उठलोच नाही.

पाणी आता ३५ सेंमी आहे. हवापाणी खाते.

हिरवं खायला नऊ दिवस घेतले. दहाव्या दिवशी लेट्यूसचं पान फिल्टरच्या प्रवाहात वाहत चाललं होतं, त्याच्या मागे गेली आणि चावा घेतला. पान पळतंय म्हणून खाल्लं असावं. तेव्हापासून पान नेहमी प्रवाहातच सोडतो.

पापुद्रे निघायला लागले, आपोआप. पाण्यावर तरंगत होता एक, हातात घेतला. जुन्या इस्त्रीतला अभ्रक आठवतो का कुणाला, कॉइलच्या खालचा? तसाच. पातळ, पिवळसर, आरपार दिसणारा, तिच्या पाठीवरच्या रेषांसकट. खिशात ठेवलाय. हात धुतले, हो.

ताई रविवारी येऊन गेली. टाक्याजवळ उभी राहिली बराच वेळ, काही बोलली नाही. मग म्हणाली, "सातलाच घालतोस ना?" सातलाच घालतो.

भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तो म्हणाला, मामा, नाव बदलायचं नाही. तर नाव पैलवानच राहिलं, निवांतनाथ.

कवचकुंडल, शेवटचं विचारतो. ही यूव्हीबी ट्यूब दिसायला चालू राहते पण वर्षभरात किरण कमी होतात असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे नजरेला कळणारच नाही. मी ट्यूबच्या टोपीवर पेनाने आजची तारीख लिहून ठेवलीय. बारा महिन्यांनी बदलू की त्याआधी?

कवचकुंडल · २९ जून, सकाळी ७.०५

बारा चालतील. आणि तारीख टोपीच्या खालच्या बाजूला लिहा मामा, वरची वाफेने पुसते. माझ्या तीनपैकी एकीची तशीच पुसली होती.